बंद खोलीतून बाहेर पडताना : एस्केप रूम गेम पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

एस्केप रूम गेममध्ये खेळाडू एका बंद खोलीत उभा असतो. खोली त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी तशी दिसते, त्याचे स्वतःचे पात्र पडद्यावर दिसत नाही, आणि बाहेर पडण्याची वाट त्याच खोलीतल्या कुलपांत, खणांत, चित्रांत आणि चिठ्ठ्यांत दडवलेली असते. बहुतेक गेममध्ये शत्रू नसतो, धावपळ नसते आणि बोटांची चपळाई लागत नाही, त्यामुळे ज्यांनी आजवर एकही व्हिडिओ गेम हातात घेतलेला नाही त्यांनाही हा प्रकार जमतो. गोव्यात पावसाळा सुरू झाला की संध्याकाळ घरातच काढावी लागते, आणि चवथीला तर पणजी-मडगावला नोकरी करणारी, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली सगळी भावंडे मूळ घरी जमतात. अशा दिवसांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका पडद्यासमोर बसून खेळावा असा हा खेळ आहे. शब्दकोडी सोडवण्याची सवय असलेली मोठी माणसे यात मुलांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या पुढे असतात.

या खेळात हुशारीपेक्षा शिस्तीने पाहणे आणि पाहिलेले टिपून ठेवणे अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी मांडणी त्याच मतावर उभी आहे.

सुरुवात कोणत्या गेमने करावी

मोबाइल किंवा टॅबलेटवर खेळायचे असेल तर 'द रूम' या मालिकेपासून सुरुवात करावी. ब्रिटनमधल्या फायरप्रूफ गेम्स या छोट्या कंपनीने पहिला भाग २०१२ मध्ये आयपॅडसाठी काढला आणि त्याच वर्षी ॲपलने त्याला आयपॅडवरचा वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून निवडले. नावात खोली असली तरी पहिल्या भागात आपले लक्ष एका नक्षीदार पेटीवरच असते. पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी अशी उकल होत जाते. यात फार चालावे लागत नाही, बोटाने फिरवणे, ओढणे आणि दाबणे एवढेच करायचे असते, म्हणून नवख्याचा सगळा वेळ कोड्यावरच खर्च होतो. एकदा डाउनलोड केल्यावर इंटरनेट लागत नाही, हेही सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावांत राहणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २०१८ चा 'ओल्ड सिन्स' हा याच मालिकेतला भाग एका बाहुलीघराभोवती रचलेला आहे आणि पहिले भाग आवडलेल्यांनी तो अवश्य खेळावा.

पैसे न घालवता अंदाज घ्यायचा असेल तर नेदरलँड्समधल्या रस्टी लेक यांची 'क्यूब एस्केप' ही मालिका पाहावी. तिचे बरेच भाग मोफत आहेत. मात्र चित्रांची शैली साधी असली तरी कथा काळोखी आहे, त्यात रक्त आणि खून येतात, त्यामुळे लहान मुलांसमोर हे गेम लावू नयेत.

संगणक असेल तर क्रोएशियाच्या पाइन स्टुडिओचा 'एस्केप सिम्युलेटर' हा २०२१ चा गेम मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्यात प्रत्येक खोली स्वतंत्र आणि आटोपशीर आहे, जवळजवळ प्रत्येक वस्तू उचलता येते, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळता येते आणि इतर खेळाडूंनी बनवलेल्या असंख्य खोल्याही मिळतात. एकाच घरात दोघांनी एका पडद्यावर खेळायचे असेल तर २०२२ चा 'एस्केप अकॅडमी' घ्यावा. त्यात पडदा दोन भागांत विभागला जातो. संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात, त्यामुळे आपल्या संगणकावर तो नीट चालतो का, हे पहिल्याच संध्याकाळी पाहून घ्यावे.

१९९३ चा 'मिस्ट' या सगळ्यांचा पूर्वज मानला जातो. त्याचे महत्त्व मोठे आहे, पण तो पहिला गेम म्हणून कोणाच्या हातात देऊ नये. त्यात खोली नसून अख्खे बेट आहे, आणि कोडे कुठे सुरू होते हेच नवख्याला कळत नाही.

खेळायला बसण्यापूर्वी

संगणकावरच्या गेममध्ये माउसने नजर फिरते आणि कीबोर्डवरच्या डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांनी चालता येते. पहिली काही मिनिटे कोड्याकडे न पाहता नुसते चालावे, वाकावे, वर पाहावे, एखादी वस्तू उचलून परत ठेवावी. ज्यांना सवय नसते त्यांना अशा गेममध्ये गरगरल्यासारखे किंवा मळमळल्यासारखे होऊ शकते, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीर मात्र खुर्चीत स्थिर असते. सेटिंग्जमध्ये जाऊन चालताना डोके हलल्याचा परिणाम आणि हालचालीतली अस्पष्टता बंद करावी, दृष्टीचा कोन थोडा वाढवावा, माउसचा वेग कमी करावा आणि खोलीतला दिवा चालू ठेवावा. तरीही त्रास झाला तर तेवढ्यापुरते थांबावे. सवयीने बरे होईल म्हणून रेटत राहिल्यास त्रास वाढतो.

पडद्याचा उजेड पुरेसा ठेवावा, कारण काळोख्या कोपऱ्यातली चिठ्ठी न दिसणे हे काही कोडे नव्हे. इअरफोन लावावेत किंवा स्पीकरचा आवाज वाढवावा, कारण खोलीच्या दुसऱ्या टोकाला एखादे दार उघडले तर त्याची पहिली बातमी आवाजानेच मिळते. पावसात वीज जाण्याची शक्यता सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणून डेस्कटॉप असेल तर तो इन्व्हर्टरवर घ्यावा, आणि गेम मध्येच बंद झाल्यास खोली पुन्हा पहिल्यापासून सुरू होते की होती तिथून, हे आधी तपासून ठेवावे.

आणि एक वही व पेन्सिल जवळ घ्यावी. स्क्रीनशॉट काढता येतो हे खरे, पण हाताने चित्र उतरवताना जे लक्षात येते ते फोटो काढताना येत नाही.

पहिली पायरी : हात न लावता फिरणे

खोलीत पोहोचताच समोरच्या कुलपाला झटू नये. दारापाशी उभे राहून डावीकडून सुरुवात करावी आणि भिंतीच्या कडेने पूर्ण फेरी मारावी. प्रत्येक भिंत तीन पातळ्यांवर पाहावी: जमिनीलगत, डोळ्यांच्या उंचीवर आणि छताजवळ. उघड्या दाराची मागची बाजू, टेबलाचा खालचा भाग, खुर्चीच्या पाठीची मागची बाजू आणि छत या चार जागा नवखे खेळाडू हमखास विसरतात, आणि खोल्या बनवणाऱ्यांना हे चांगले माहीत असते.

जुन्या गेममध्ये हे काम वेगळे होते. जपानच्या तोशिमित्सु ताकागी यांनी २००४ मध्ये इंटरनेटवर आणलेल्या 'क्रिमसन रूम'ने हा प्रकार जगभर पोहोचवला, आणि क्योतोमध्ये २००७ साली माणसांना खरोखरच्या खोलीत बसवून खेळवण्याची पद्धत सुरू झाली ती अशा गेमच्या नंतरच. त्या काळच्या फ्लॅश गेममध्ये, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या छोट्या गेममध्ये, चित्रातल्या अगदी बारीक ठिपक्यावर नेमके क्लिक करावे लागे, म्हणून 'सगळीकडे क्लिक करत सुटा' हा सल्ला रूढ झाला. आजच्या गेममध्ये हाताळण्याजोगी वस्तू जवळ जाताच बहुधा उजळते किंवा कर्सर बदलतो. तेव्हा तो जुना सल्ला आता सोडून द्यावा.

दुसरी पायरी : वहीचे दोन भाग

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे जे जे बंद आहे ते लिहावे आणि त्याला उघडण्यासाठी कशाची गरज आहे तेही लिहावे: चार आकडी कुलूप, तीन रंगांची बटणे, किल्लीचे भोक, वर-खाली-डावी-उजवी अशा दिशांचे कुलूप, पाच अक्षरी शब्द. उजवीकडे जी जी माहिती दिसते ती लिहावी: चित्र, आकडे, चिन्हे, रंगांचा क्रम, थांबलेले घड्याळ, फाटलेली चिठ्ठी. अर्थ लावण्याची घाई करू नये. फक्त नोंद करावी.

बहुतेक खोल्यांत एक खूण एकाच ठिकाणी वापरली जाते आणि एकदा उघडलेल्या कुलपाकडे परत जावे लागत नाही. म्हणून कुलूप उघडले की डावीकडची ओळ आणि तिच्यासाठी वापरलेली उजवीकडची ओळ दोन्ही खोडाव्यात. जसजशी खोडाखोड वाढते तसतशी खोली लहान होत जाते. शेवटी तीन-चारच नोंदी उरतात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध लावणे बरेच सोपे जाते.

तिसरी पायरी : कुलपाचा आकार आणि खुणेचा आकार

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. आकडी कुलपाला आकडे लागतात, आणि ते मोजता येणाऱ्या वस्तूंतून किंवा लिहिलेल्या अंकांतून येतात. रंगांच्या बटणांना रंग लागतात. दिशांच्या कुलपाला बाण, नकाशावरची वाट किंवा घड्याळाच्या काट्यांची हालचाल लागते. पण बहुतेक कुलपांना दोन गोष्टी हव्या असतात, एक म्हणजे मूल्य आणि दुसरी म्हणजे क्रम, आणि चांगल्या कोड्यात या दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या जागी ठेवलेल्या असतात. नवख्याला मूल्य सापडते आणि तो तिथेच थांबतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, खोली म्हणजे गोव्यातल्या एखाद्या जुन्या घराची चौकी आहे. एका बाजूला लाकडी पेटारा आहे, त्याला चार चाकांचे आकडी कुलूप आहे आणि कुलपावर ज्योतीची छोटी खूण कोरलेली आहे. समोर चार समया ओळीने ठेवल्या आहेत. डावीकडून पाहिले तर पहिल्या समईत ३ वाती पेटलेल्या आहेत, दुसरीत ५, तिसरीत ४ आणि चौथीत १. भिंतीवरचे घड्याळ सात वाजून पंचवीस मिनिटांवर थांबले आहे. त्याच्या शेजारी एका तसबिरीत चार समयांचे चित्र आहे, पण त्या चित्रात समया डावीकडून उजवीकडे उंचीने उतरत जातात.

पहिला मोह ०७२५ लावून पाहण्याचा होतो, कारण घड्याळ नजरेत भरते आणि त्यातून चार आकडे मिळतात. ते लागत नाही. कुलपावरची ज्योत सांगते की या कुलपाचे नाते समयांशी आहे. मग ३५४१ लावले जाते, तेही लागत नाही, आणि इथे अनेकजण समयांचा विचारच सोडून देतात. वास्तविक मूल्ये बरोबर आहेत, फक्त क्रम राहिला आहे. तसबिरीतल्या समया उंचीप्रमाणे लावलेल्या आहेत, तेव्हा जमिनीवरच्या समयांची उंची पाहायला हवी. तिथे सर्वांत उंच तिसरी आहे, तिच्यानंतर पहिली, मग चौथी, आणि सर्वांत बुटकी दुसरी. वातींची संख्या त्या क्रमाने लिहिली की ४३१५ येते आणि पेटारा उघडतो. घड्याळ वहीत तसेच राहू द्यावे. पेटाऱ्यात काटे असलेली एखादी तबकडी निघाली तर ते तिथे कामाला येईल.

या ठिकाणी प्रामाणिक हिशोबही मांडता येतो. चार आकडी कुलपाच्या दहा हजार शक्यता असतात, त्या अंदाजाने तपासणे व्यर्थ आहे. पण चारही आकडे वेगळे आणि नक्की ठाऊक असतील आणि केवळ क्रम अडला असेल तर शक्यता २४ उरतात, आणि तीन आकडे जागेसह माहीत असून एकच चुकत असेल तर दहाच. एवढ्या वेळा चाके फिरवून पाहण्यात काही गैर नाही. मात्र उघडल्यानंतर तो क्रम का होता हे शोधावे, कारण पुढचे कोडे बहुधा त्याच विचारावर रचलेले असते.

चौथी पायरी : वस्तू फिरवून पाहणे आणि जागा बदलून पाहणे

हातात घेतलेली प्रत्येक वस्तू उलटी-पालटी करावी. पुस्तकाची मागची बाजू, पेल्याचा तळ, किल्लीच्या दांड्यावरचा आकडा, डबीच्या झाकणाची आतली बाजू, हे सगळे पाहिल्याशिवाय वस्तू खाली ठेवू नये. दोन अर्धवट वस्तू हाताशी असतील तर त्या एकमेकींना जोडून पाहाव्यात.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याच्या या पद्धतीमुळे काही कोडी अशी रचता येतात जी वरून दिसणाऱ्या गेममध्ये शक्यच नसतात. वेगवेगळ्या खांबांवर तुटक रेघा दिसतात आणि खोलीतल्या एका विशिष्ट जागी उभे राहिले की त्या जुळून अक्षर तयार होते. जमिनीवर पावलांचे ठसे, एखादी वेगळी फरशी किंवा नेमकी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची असेल तर तिथे उभे राहून पाहावे. 'द रूम'मध्ये एक भिंग मिळते आणि त्यातून पाहिले की साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा उमटतात. इतर गेममध्ये हेच काम जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च करतो. असे काही साधन हाती आले की पहिल्या पायरीवर परत जावे आणि सगळी खोली त्या साधनातून नव्याने पाहावी. केवळ संशयास्पद जागा तपासून भागत नाही.

पाचवी पायरी : नेहमी येणाऱ्या लिप्या आणि पद्धती

खोल्या जगभरात बनतात, पण त्यांतल्या गुप्त भाषा मोजक्याच आहेत. इंग्रजी अक्षरांना १ ते २६ क्रमांक देणे ही सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत आहे, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर ए ते झेड ही अक्षरे आणि त्यांखाली आकडे आधीच लिहून ठेवावेत. मराठी प्राथमिक शाळेतल्या मुलांना याचा विशेष उपयोग होतो, कारण कितवे अक्षर हे त्यांना चटकन आठवत नाही. जुन्या फोनच्या कळांवर २ खाली ए-बी-सी आणि ७ खाली पी-क्यू-आर-एस असत, तेही लिहून ठेवावे. मोर्सच्या टिंब-रेघा आणि ब्रेलचे सहा ठिपके पाठ करण्याची गरज नाही. त्यांचा तक्ता बहुतेक वेळा खोलीतच कुठेतरी टांगलेला असतो, फक्त समोर दिसते ती ही लिपी आहे हे ओळखता आले पाहिजे.

रोमन आकड्यांत एक बारकावा आहे. घड्याळांच्या तबकड्यांवर चारचा आकडा अनेकदा चार उभ्या रेघांनी लिहिलेला असतो, पुस्तकात शिकवतात तसा पाचाआधी एक रेघ देऊन नव्हे. तो पाहून घड्याळात काही चूक मुद्दाम ठेवली आहे असे समजू नये.

तारखांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. गोवा मुक्तिदिनाची १९ डिसेंबर ही तारीख कुलपाला लावायची झाली तर आपला हात सहज १९१२ कडे जाईल, पण अमेरिकी पद्धतीने ती १२१९ होते. तारीख बरोबर वाटूनही कुलूप उघडत नसेल तर दिवस आणि महिना उलटे करून पाहावेत.

भाषेची अडचण खरी आहे. काही खोल्यांत इंग्रजी शब्दांवरच्या कोट्या असतात आणि त्या शब्दकोशानेही सुटत नाहीत. अशी खोली सोडून दुसरी घेण्यात कमीपणा नाही. यंत्रे, आकडे आणि चित्रे यांवर आधारलेल्या खोल्या विपुल आहेत.

अडल्यावर काय करावे

आधी वही उघडावी. डावीकडे कोणते कुलूप उरले आहे, उजवीकडे कोणती खूण न वापरता राहिली आहे आणि कोणती वस्तू अजून फिरवून पाहिलेली नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत. बऱ्याचदा अडचण एवढ्यातच सुटते. नाही सुटली तर उठून चहा घ्यावा आणि नंतर दुसऱ्या कोणाला तरी खोली दाखवून आपण काय काय केले ते तोंडाने सांगावे; सांगता सांगता राहिलेली गोष्ट स्वतःलाच दिसते.

त्यानंतर हिंट घ्यायला काहीच हरकत नाही. खोली बनवणाऱ्याची एखादी अपेक्षा अस्पष्ट राहिलेली असते आणि तिथे तासभर डोके फोडण्याने कोणी पुढे जात नाही. गेममधली हिंट मात्र एका वेळी एकच घ्यावी आणि ती वाचल्यावर लगेच दुसरी न उघडता प्रयत्न करावा. संपूर्ण उकल दाखवणारे व्हिडिओ टाळावेत, कारण एका कुलपासाठी व्हिडिओ लावला की पुढची तीन कुलपेही नकळत पाहिली जातात आणि खोली पुन्हा कोरी होत नाही.

घड्याळाची फार काळजी करू नये. 'एस्केप सिम्युलेटर'मध्ये वेळ मोजला जातो, पण तो संपल्यावरही खेळ चालू ठेवता येतो. नवख्याने पहिल्या काही खोल्या वेळेकडे न पाहता खेळाव्यात.

चारचौघांत खेळताना

एकाच संगणकाभोवती पाच-सहा जण बसले की माउस ज्याच्या हातात तोच खेळतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. म्हणून कामे वाटून घ्यावीत: एकाने माउस, एकाने वही, एकाने केवळ चित्रे आणि भिंती पाहणे. एक कुलूप उघडले की जागा बदलाव्यात. ऑनलाइन खेळताना प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात असतो, तेव्हा सापडलेली प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगावी आणि वस्तू सगळ्यांना दिसेल अशा एका टेबलावर आणून ठेवावी. वापरून झालेल्या वस्तू वेगळ्या कोपऱ्यात ठेवाव्यात, नाहीतर तीच किल्ली तिघेजण पुन्हा पुन्हा लावून पाहतात. लहान मुलांनी सुचवलेले आधी करून पाहावे, कारण त्यांची नजर खाली असते आणि टेबलाखालची चिठ्ठी बहुधा त्यांनाच दिसते.

पुढची पायरी : स्वतःची खोली

दहा-पंधरा खोल्या सोडवून झाल्या की 'एस्केप सिम्युलेटर'मधला खोली बनवण्याचा भाग उघडून पाहावा. सुरुवातीला तीनच कुलपांची खोली करावी आणि ती शेवटाकडून रचावी: आधी दार, मग दाराची किल्ली जिथे आहे ते कपाट, मग त्या कपाटाचा आकडा सांगणारी खूण. आपल्याकडचे राजांगण, माटोळी, फेरीबोटीचा धक्का, कौलारू घराचा माळा यांतून कितीतरी कोडी सुचतात. माटोळीला बांधलेली फळे मोजून आकडे काढता येतील आणि क्रम शेजारच्या यादीतून देता येईल. मूल्य आणि क्रम वेगळे ठेवण्याचा नियम इथे उलट बाजूने कामाला येतो.

खोली तयार झाली की जिने ती पाहिलेली नाही अशा व्यक्तीला खेळायला बसवावे आणि आपण मागे गप्प उभे राहावे. ती कुठे थांबते, कशाला दोनदा हात लावते आणि कोणत्या भिंतीकडे पाहतच नाही, हे लिहून घ्यावे. जिथे ती विचार करत थांबली तो भाग तसाच ठेवावा. जिथे काय करायचे हेच न कळल्यामुळे थांबली तिथे एक ठळक खूण वाढवावी आणि खोली दुसऱ्या नव्या व्यक्तीकडे द्यावी.